ब्लँकेटे पुरेशी आहेत. मंगळवारी कोण येणार?

प्रति,
मा. संपादक यांस,

विषय : बेघर निवारा केंद्रांना लागणाऱ्या स्वयंसेवकांबाबत

महोदय,

डिसेंबर उजाडला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानांवर ब्लँकेटवाटपाची छायाचित्रे येऊ लागतात, तशी ती यंदाही आली. त्यांपैकी एका छायाचित्रात सात दाते होते आणि घेणारा एक होता. त्या घेणाऱ्याला मी ओळखतो. तो आमच्या शहरातील बेघर निवारा केंद्रात राहतो आणि ते ब्लँकेट त्याला या हिवाळ्यात मिळालेले तिसरे होते. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. धुळ्याकडे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा उघड्यावरच्या माणसाला पांघरूण घालणाऱ्याचा हात कोणी धरू नये. परंतु गेली चार वर्षे आठवड्यातून दोन दिवस मी त्या केंद्रात जात असल्यामुळे तिथे साठा कशाचा आहे आणि टंचाई कशाची आहे, हे मला चांगले ठाऊक झाले आहे. साठा ब्लँकेटांचा आहे. टंचाई आहे ती ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येऊन दोन-तीन तास बसणाऱ्या माणसांची, आणि एवढेच सांगण्यासाठी हे लांबलेले पत्र लिहीत आहे.

शहराचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. केंद्रातील काही जणांना आपण कुठे आहोत हे घरच्यांना कळू द्यायचे नसते, आणि त्यामागे बहुधा सबळ कारण असते. खानदेशात आहे, एवढे वाचकांना पुरे व्हावे.

मी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या ज्या शाखेचे लोक रात्रभर पिशव्या फोडून गावोगावचे टपाल वेगळे करतात त्या शाखेत, ३४ वर्षे नोकरी केली. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या वर्षश्राद्धाला चाळीस माणसांची वरण-बट्टी घेऊन मी पहिल्यांदा केंद्रावर गेलो. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या दोनच दिवसांवर होती, त्यामुळे माझ्या आधी दोन घरची जेवणे येऊन पडली होती. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात दात नव्हते. त्याने बट्टी वरणात बुडवली, ताट मांडीवर घेतले आणि ती मऊ होण्याची वाट पाहत तो निवांत बसून राहिला. मधूनमधून बोटाने दाबून पाही आणि पुन्हा वरण ओढून घेई. चाळीस माणसांचा स्वयंपाक सांगताना खाणारे कोण आहेत याची चौकशी मी केली नव्हती. तेवढ्यात तिथले काळजीवाहक आले आणि म्हणाले, "काका, जेवण ठेवा तिकडे, पण तुम्हाला इंग्रजी वाचता येतं का? हे जरा वाचून सांगा." ते सरकारी रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड होते. त्यावर पुढच्या तपासणीची तारीख होती आणि ती उलटून नऊ दिवस झाले होते. माझी स्वयंसेवा सुरू झाली ती तिथून.

निवारा केंद्र म्हणजे काय, याची कल्पना बऱ्याच शिकल्यासवरल्या लोकांनाही नसते. कोणाला तो वृद्धाश्रम वाटतो, तर कोणाला भिक्षेकरी गृह. २०१३ साली सुरू झालेल्या आणि २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात 'शहरी बेघरांना निवारा' हा स्वतंत्र घटक होता. त्याच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शहरी लोकसंख्येच्या दर एक लाखामागे किमान शंभर माणसांची सोय होईल असा कायमस्वरूपी निवारा हवा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा हवी, निवारा वर्षभर आणि चोवीस तास उघडा हवा, आणि तो बेघरांच्या रोजच्या वावराच्या व कामाच्या ठिकाणाजवळ हवा. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या साडेचार लाखांवर, धुळ्याची सुमारे पावणेचार लाख आणि भुसावळची पावणेदोन लाखांवर होती. आज ती अर्थातच तेवढीच राहिलेली नाही. या हिशेबाने कोणत्या शहरात किती निवारे असायला हवेत आणि किती आहेत, याची बेरीज-वजाबाकी ज्याने त्याने आपल्या शहरापुरती करून पाहावी.

बेघरांच्या संख्येबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०११ च्या जनगणनेत घर नसलेल्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत करण्यात आली आणि देशभरात त्यांची संख्या पावणेअठरा लाखांच्या आसपास भरली; महाराष्ट्रात ती दोन लाखांवर होती. मोजणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण रात्री टॉर्चचा उजेड दिसला की गाठोडे उचलून अंधारात सरकणे, हीच ज्यांची रोजची सवय असते ते एका रात्रीत कितपत मोजले जाणार, असा प्रश्न मला रात्रीच्या फेरीनंतर हमखास पडतो.

या रात्रीच्या फेरीला आम्ही 'शोध' म्हणतो. थंडीच्या आणि पावसाच्या दिवसांत साडेदहा-अकराच्या सुमारास काळजीवाहकाबरोबर दोघे-तिघे निघतात आणि बसस्थानक, रेल्वे पुलाचा खालचा भाग, बाजार समितीची शेड, देवळांचे ओटे आणि सरकारी रुग्णालयाचा व्हरांडा एवढ्या ठिकाणी फिरतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की गाडी नेली, माणसे बसवली आणि आणली. प्रत्यक्षात दहांपैकी सात-आठ जण येत नाहीत. एकाची हातगाडी असते आणि ती सोडून आला तर सकाळी चाके जागेवर नसतात. दुसऱ्याला पहाटे चार वाजता बाजार समितीत हमालीला उभे राहायचे असते आणि केंद्र तिथून अडीच किलोमीटर लांब असते. नवरा-बायको असली तर पुरुषांचा कक्ष वेगळा आणि बायकांचा वेगळा हे ऐकूनच ती मागे फिरतात. आणि सर्वांत मोठी भीती आमच्या गाडीचीच असते, कारण १९५९ च्या भिक्षा प्रतिबंध कायद्याखाली भिकाऱ्यांना उचलून नेणारी गाडी यांपैकी काहींनी पूर्वी पाहिलेली असते. एक बाई मला स्पष्ट म्हणाली, "गाडीत बसी जासू, पण उतरू कवय हाई पह्यले सांग." म्हणजे गाडीत बसेन, पण उतरेन कधी ते आधी सांग.

म्हणून शोधाला जाणारा माणूस रोज बदलून चालत नाही. पहिल्या रात्री नुसते बोलायचे, दुसऱ्या रात्री तोच चेहरा पुन्हा दिसला पाहिजे, तिसऱ्या-चौथ्या रात्री कदाचित ती व्यक्ती केंद्र पाहायला येते आणि पाचव्या रात्री राहते. महाविद्यालयीन मुलांची पन्नास जणांची तुकडी एका रात्रीत येऊन गेली तर त्याचा या कामाला उपयोग होत नाही. त्यांतल्या दोघांनी महिनाभर दर बुधवारी यावे, तर तो होतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी माझे हे म्हणणे उद्धटपणाचे मानू नये, अशी विनंती आहे. हजेरीपटाला पन्नास नावे बरी दिसतात हे मीही समजू शकतो.

आता कागदपत्रांविषयी. स्वयंसेवकांचा सर्वांत जास्त वेळ ज्यात जातो आणि जे कोणत्याच छायाचित्रात येत नाही, ते हे काम. केंद्राच्या नोंदवहीत नाव, वय, मूळ गाव, ओळखपत्र, आजार असे रकाने असतात. त्यांतला मूळ गावाचा रकाना मी स्वतःकडे मागून घेतला, कारण आयुष्यभर मी तेच केले आहे. आमच्याकडे एक आप्पा होते. गाव विचारले की ते "सावखेडं" म्हणत. कोणते सावखेडे, असे विचारले की रागावून म्हणत, "आमनं सावखेडं!" टपालात काम केलेल्या माणसाला सावखेडे, पिंप्री आणि वडगाव ही नावे ऐकली की घाम फुटतो, कारण खानदेशात एका नावाची गावे एका तालुक्यातून उचलून दुसऱ्या तालुक्यात ठेवावीत इतकी आहेत. मग मी गावाचे नाव विचारायचे सोडून दिले. बाजाराला कुठे जात होता, एसटीच्या पाटीवर काय लिहिलेले असायचे, नदीला पूर आला की पलीकडच्या कोणत्या गावाशी संपर्क तुटायचा, लग्नाचा बस्ता कुठे बांधत, जत्रा कोणत्या देवाची, असे दर शुक्रवारी थोडे थोडे विचारत गेलो. पाच शुक्रवार लागले. शेवटी एका ग्रामपंचायतीच्या शिपायाने फोनवर आप्पांच्या भावकीतले नाव ओळखले.

पुढची हकिगत वाचकांना कदाचित गोड वाटणार नाही. आप्पांचा पुतण्या आला, त्याने नवे धोतर आणि शेवचिवडा आणला, दोन तास तो आप्पांच्या शेजारी कॉटवर बसला आणि एकटाच परत गेला. घर दोन खोल्यांचे, त्यात तीन भावांचे संसार, असे त्याने मला बाहेर येऊन सांगितले आणि ते खरे असावे. आप्पाही 'चल' म्हणाले नाहीत. मात्र त्या पुतण्याने नंतर शाळा सोडल्याच्या दाखल्याची नक्कल आणि रहिवासाचा कागद मिळवून दिला. या दोन कागदांच्या आधारे तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासह अर्ज करता आला आणि आप्पांना श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेचे दरमहा १५०० रुपये सुरू झाले. या योजनेला वयाची ६५ वर्षे आणि राज्यातला किमान पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्याचे सगळे आयुष्य याच मातीत गेले, त्याला पंधरा वर्षांचा पुरावा जमवायला आम्हाला सात महिने लागले.

आधार कार्डाचेही तसेच. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने विहित नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र आधार नोंदणीसाठी पुरावा म्हणून चालते, ही गोष्ट आम्हाला वर्षभराने कळली. तोपर्यंत एका आधार नोंदणी केंद्रावरून आम्हाला "पत्त्याचा पुरावा आणा" असे सांगून चार वेळा परत पाठवण्यात आले होते. वीटभट्टीवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या बोटांवर ठसा उरलेलाच नसतो. नोंदणी यंत्राचा चालक ओल्या फडक्याने बोट पुसतो, यंत्रावर दाबून धरतो, यंत्र नकार देते, तो पुन्हा पुसतो, आणि मागच्या रांगेतील माणसे हळूहळू कुरकुरू लागतात. अशा वेळी तो म्हातारा आपली बोटे आपल्यालाच लाज आणत असल्यासारखी मुठीत दडवू लागतो. डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवता येते, तसा अपवाद नोंदवण्याची सोय आहे, हे चालकाला आठवण करून द्यायला शेजारी कोणीतरी उभे असावे लागते. हे काम डॉक्टर-वकिलाचे नाही. बँकेतून, शाळेतून, वीज मंडळातून निवृत्त झालेला, रांगेत उभे राहण्याची सवय असलेला आणि खिडकीवरच्या नकाराने न बिथरणारा कोणीही ते करू शकतो, आणि असे लोक आपल्या शहरांत सकाळच्या फिरण्यानंतर कट्ट्यांवर भरपूर बसलेले असतात. मीही त्यांतलाच होतो.

मतदार यादीत नाव घालण्यासाठी तर घरही लागत नाही, हे किती जणांना ठाऊक असेल? बेघर व्यक्तीने सहा क्रमांकाच्या अर्जात जिथे झोपतो ती जागा लिहिली की मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने एकाहून अधिक रात्री तिथे जाऊन ती व्यक्ती खरोखर तिथे झोपते का, एवढे पाहायचे असते. आमच्या केंद्रातील अकरा जणांची नावे अशी लागली. त्यांपैकी एकाने मतदान करून आल्यावर शाई लागलेले बोट दोन दिवस पाण्यात घातले नाही.

माझ्या हातून झालेली चूकही इथे लिहायला हवी, कारण स्वयंसेवेबद्दल मला जे काही कळले त्यातले पुष्कळसे त्या चुकीतूनच कळले. केंद्रातील एका बाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पहिल्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल होण्याचा दिवस मंगळवार ठरला होता. सोबत सही करायला माणूस हवा होता आणि मी येतो असे मी सांगितले होते. सोमवारी रात्री नंदुरबारहून फोन आला की भाचीचा साखरपुडा अचानक ठरला आहे. मी पहाटेच्या गाडीने निघून गेलो. केंद्रावर फोन करावा हे माझ्या डोक्यात दोनदा आले, पण पाहुण्यांच्या गडबडीत राहून गेले. खरे सांगायचे तर, दुसरे कोणीतरी नेईल अशी मी मनाची समजूत घालून घेतली. दुसरे कोणी नव्हते. अक्का सकाळी आंघोळ करून, एक लुगडे आणि तांब्या पिशवीत घालून, आठ वाजता दाराजवळच्या बाकावर येऊन बसल्या. शस्त्रक्रियेआधी पोट रिकामे लागते असे कोणीतरी सांगितलेले असल्यामुळे त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. त्या साडेतीनपर्यंत तशाच बसून होत्या. शुक्रवारी मी गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "तुम्ही बी त्यातलेच, भाऊ," एवढेच म्हणाल्या आणि निवडायला घेतलेल्या तांदळाकडे वळल्या. पुढची तारीख पाच आठवड्यांनी मिळाली.

ज्यांना आयुष्यात मुलाने, नवऱ्याने, मुकादमाने 'येतो' म्हणून सांगितले आणि कोणी आले नाही, अशांच्या जगात आपण 'येतो' म्हणत असतो. म्हणून नव्याने येऊ इच्छिणाऱ्यांना मी आता उत्साहाबद्दल फारसे न विचारता वेळ किती देता येईल, हे आधी विचारतो. महिन्यातून एकच दिवस जमणार असेल तर एकच सांगावा, पण तो पाळावा. मुलांना घेऊन वाढदिवस साजरा करायला येणाऱ्यांना मी अडवत नाही, पण केक कापताना 'या आजोबांना कोणी नाही' असे आपल्या मुलाला मोठ्याने समजावून सांगू नये, ते आजोबा बहिरे नसतात.

मनोरुग्णांविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. चारी दिशांच्या गाड्या जिथून जातात त्या भुसावळसारख्या जंक्शनमुळे आपल्या भागात लांबलांबच्या प्रांतांतील भरकटलेली माणसे उतरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशी व्यक्ती आढळल्यास पोलिसांनी तिला कोठडीत न ठेवता चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते, आणि ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून तिच्या घरच्यांचा शोध घेण्याची जबाबदारी पोलीस ठाण्याची असते. स्वयंसेवकाला हे कलम पाठ असले की ठाण्यातील बोलणे पुष्कळ सोपे होते, असा माझा अनुभव आहे. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. खानदेशातून त्यांतले कोणतेही जवळ नाही. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवण्याचे काम कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था करते, ज्यासाठी त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण प्रत्येकाला कर्जतला पाठवता येत नाही आणि पाठवूही नये. आमच्याकडे एक तरुण बाई अकरा दिवस एक शब्दही बोलली नव्हती आणि आम्ही तिला मुकी समजून चाललो होतो. रेल्वे क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या एका गृहिणी जुने कपडे द्यायला आल्या, जाता जाता तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या आणि ती बाई ताडकन उठून बसली. त्या गृहिणी पुढे तीन आठवडे रोज दुपारी अर्धा तास येत होत्या. त्यांनी दुसरे काहीही दिले नाही. जुन्या कपड्यांचे ते गाठोडे, मला वाटते, अजून कपाटातच आहे.

आता उन्हाळ्याबद्दल. हिवाळ्यात दात्यांना आवरावे लागते, पण एप्रिल-मे महिन्यांत केंद्राकडे कोणी फिरकत नाही, आणि खानदेशात उघड्यावरच्या माणसाला थंडीइतकाच, माझ्या मते थंडीहून जास्त, धोका उन्हाचा असतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा दुपारी बारा ते चार हे तास पुलाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये काढणे म्हणजे काय, हे लिहून सांगता येणार नाही. निवारा चोवीस तासांचा असला तरी दिवसा बाहेर पडायचे आणि रात्री परतायचे अशी सवय रहिवाशांना आणि व्यवस्थापनालाही लागलेली असते. आमच्या केंद्रात तीन पाळ्यांत मिळून तीन काळजीवाहक आहेत, म्हणजे एका वेळी एक. मागच्या वर्षी त्यांचे मानधन चार महिने थकले होते आणि तरी त्यांनी एकही पाळी बुडवली नाही, हेही इथे नोंदवतो. पण दुपारी एकटा काळजीवाहक जेवण उतरवून घेणार, नोंदवही लिहिणार, आजारी माणसाकडे पाहणार की बाहेर जाऊन उन्हात बसलेल्यांना आत घेऊन येणार? मे महिन्यातील दुपारचे हे चार तास कोणी दोघांनी वाटून घेतले, माठ भरलेले राहिले, कुलरमध्ये पाणी घातले गेले, चक्कर आलेल्याला मीठ-साखरेचे पाणी वेळेवर मिळाले, तर त्याची किंमत शंभर ब्लँकेटांहून अधिक आहे.

आपल्याकडच्या लोकांना असे काम जमत नाही, असे कोणी म्हणेल तर मी मान्य करणार नाही. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगी गडाकडे भाविक पायी निघतात तेव्हा रस्तोरस्ती मांडव पडतात. रात्री दोन वाजता आलेल्या अनोळखी माणसाचे पाय कोमट पाण्यात घालून फोडांना मलम लावणारी तरुण मुले मी धुळ्याच्या रस्त्यावर पाहिली आहेत. त्यांच्या पाळ्या लागलेल्या असतात, पाळी चुकवली तर मंडळात बोलणी बसतात आणि समोरचा कोण कुठला हे त्यांतले कोणीही विचारत नाही. म्हणजे पाळी लावून राबणे आपल्याला चांगले येते. चैत्र संपला की ते आपण घडी घालून ठेवतो, एवढेच.

सुरुवातीला उल्लेखिलेल्या छायाचित्राकडे पुन्हा येतो. ज्याचा चेहरा त्यात छापला गेला त्याची मुलगी शेजारच्या तालुक्यात दिलेली आहे. सासरी तिने वडील सुरतेला कामाला आहेत असे सांगून ठेवले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गृहस्थांनी ते ब्लँकेट नीट घडी करून काळजीवाहकाच्या टेबलावर आणून ठेवले आणि "जावई पेपर वाचतात" एवढेच सांगितले. आपल्या वार्ताहराची यात चूक आहे असे मी म्हणणार नाही. छायाचित्र दात्यांनी पाठवलेले असते आणि पाठवताना कोणाच्याही मनात वाईट नसते. परंतु यापुढे निवारा केंद्रातील रहिवाशांचे चेहरे दिसतील अशी छायाचित्रे छापू नयेत, अशी माझी आपणास आग्रहाची विनंती आहे.

दुसरी विनंती जागेची आहे. रविवारच्या अंकात चार ओळींची एक चौकट द्यावी आणि तीत जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ अशा शहरांतील ज्या निवारा केंद्रांची इच्छा असेल त्यांच्या रिकाम्या वेळा छापाव्यात : अमुक केंद्र, अमुक वार, अमुक ते अमुक, काम अमुक. रुग्णालयात सोबत जाणे, पोस्टात किंवा बँकेत खाते उघडून देणे, क्षयाच्या गोळ्या समोर बसून घ्यायला लावणे, अहिराणी, पावरी, हिंदी, तेलुगू बोलणारे कोणी हवे असणे, असे स्पष्ट लिहावे. नाव नोंदवणाऱ्याने आधी केंद्रात जाऊन तिथल्या व्यवस्थापकांना भेटावे, ओळखपत्राची प्रत द्यावी आणि बायकांच्या कक्षाकडे स्वयंसेविकांखेरीज कोणी जाऊ नये, हे नियम सगळीकडे सारखेच असतात. चौकटीला जाहिरातीचा दर लावायचा झाल्यास पहिल्या तीन महिन्यांचे पैसे मी माझ्या निवृत्तीवेतनातून भरीन.

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण थोडे स्वार्थाचे आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे आणि सहा आठवडे मला घराबाहेर पडता येणार नाही. शुक्रवारची सोय झाली आहे. एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी तो वार घेतला आहे. मंगळवार सकाळी दहा ते एक ही वेळ अजून रिकामी आहे. अक्कांच्या दुसऱ्या डोळ्याची तारीखही नेमकी त्यातल्याच एका मंगळवारी आली आहे. या वेळी मी त्यांना महिनाभर आधीच सांगून ठेवले की मी नसेन, दुसरे कोणीतरी येईल. त्यांनी त्या माणसाचे नाव विचारले. ते मला अजून सांगता आलेले नाही.

आपला विश्वासू,
टपाल खात्यातील एक निवृत्त कर्मचारी,
खानदेश

(माझे नाव आणि पत्ता आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवला आहे. तो छापू नये. मंगळवारसाठी विचारणा करणाऱ्यास अवश्य द्यावा.)